आकडे वाचले, भाव कळला नाही

माझ्या काकांनी उमेदीची सगळी वर्षं नागपुरात कळमन्याच्या संत्रा यार्डात एका अडत्याकडे मुनीम म्हणून काढली. आंबिया बहाराचा माल येऊ लागला की ते पहाटे घर सोडत, मृग बहार संपेपर्यंत त्यांना घरातली सकाळ ठाऊक नसे. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि यार्ड सुटलं. बाजार मात्र सुटला नाही. आजही सकाळी चहा झाला की ते फोन कानाशी धरून बाजारभावाचं पान उघडतात. फोनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात, त्यांनी सत्तरीत शिकून घेतलं आहे.

एका सकाळी मी शेजारी बसलो होतो. फोन वाचत होता, ‘क्विंटल. सहाशे बारा. दोन हजार. तीन हजार दोनशे. दोन हजार सातशे.’ काकांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, ‘‘हा नुसते आकडे वाचून राहिला रे. कशाचे आकडे, ते सांगतच नाही.’’

मी पडद्याकडे पाहिलं. तिथं सगळं व्यवस्थित होतं. तक्त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असं लिहिलेलं होतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला एका नजरेत कळत होतं की दोन हजार म्हणजे तळाचा भाव आणि सहाशे बारा म्हणजे आवक. पण ज्यानं ते पान बांधलं होतं, त्यानं माथ्याची ओळ फक्त ठळक केली होती. ही रकान्यांची शीर्षकं आहेत, हे कोडमध्ये कुठंच सांगितलं नव्हतं. ते सांगायला प्रत्येक रकान्यामागे एक छोटीशी खूण पुरते. ती असती तर काका एकेका घरात गेल्यावर फोननं आधी ‘सर्वसाधारण दर’ म्हटलं असतं आणि मग आकडा वाचला असता. माहिती शासनाची होती, मराठीत होती, फुकट होती आणि माझ्या काकांपर्यंत पोचलेली नव्हती.

हे पुस्तक त्या खुणेबद्दल आहे. ती आहे की नाही हे कसं शोधायचं, कोणी शोधायचं आणि सापडल्यावर काय म्हणायचं, याबद्दल आहे.

बाजाराचीच गोष्ट निघाली आहे तर थोडं मागे जातो. महाराष्ट्रातल्या अनेक बाजारांत पूर्वी हत्ता पद्धतीनं सौदे होत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरत, बोटांच्या स्पर्शानं भाव ठरे आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याला तो सौदा संपेपर्यंत कळत नसे. कायद्यानं ही पद्धत बंद करून उघड लिलावाची सक्ती केली, ते योग्यच झालं. आता बोली मोठ्यानं पुकारली जाते, सगळ्यांना ऐकू येते. सगळ्यांना म्हणजे ज्यांना ऐकू येतं त्यांना. कर्णबधिर शेतकऱ्याला ती पुकार रुमालाइतकीच बंद आहे. मग भाव फळ्यावर लिहिला, तेव्हा बहिऱ्याला मिळाला, आंधळ्याला नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू झालं आणि भाव पडद्यावर आला. प्रत्येक नवा मार्ग कोणासाठी तरी दार उघडतो आणि कोणासाठी तरी लावतो. म्हणून एकच गोष्ट किमान दोन मार्गांनी पोचली पाहिजे, ही या सगळ्या विद्येची पहिली ओळ आहे. वेबचं वैशिष्ट्य असं की नीट बांधलं तर तिथं एकच मजकूर डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो आणि ब्रेलच्या उठावदार टिंबांवर बोटांना लागतोही. कागदाला हे कधी जमलं नव्हतं.

इंग्रजीत ज्याला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात त्याला आम्ही या पुस्तकात ‘सुगम्यता’ म्हटलं आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानामुळे हा शब्द लोकांच्या कानावर पडलेला आहे. ‘सुलभता’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला. सुलभ म्हणजे सोपं. जे दिसणाऱ्याला अवघड ते न दिसणाऱ्यालाही अवघड, एवढं चालेल. पण जे दिसणाऱ्याला मिळतं ते न दिसणाऱ्याला मिळतच नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा शब्द हवा.

हा प्रश्न किती जणांचा? २०११ च्या जनगणनेनं देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती मोजल्या. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार मोजकेच धरले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते २१ केले, त्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेले आले, अध्ययन अक्षमता आली, पार्किन्सन आला. शिवाय ज्यांना कोणी अपंग म्हणत नाही आणि जे स्वतःलाही म्हणून घेत नाहीत, असे कितीतरी आहेत. मोतीबिंदू पिकलेली आजी, वयानं हात थरथरून बोट भलत्याच बटणावर पडणारे निवृत्त मास्तर, मळणी यंत्रात बोटं गेलेला मजूर. आकडा कितीही असो, आमच्या लेखी एका काकांची तक्रारही पुरेशी आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही, वेबइतकाच. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिनं १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी वेगळा उपक्रम सुरू केला आणि ५ मे १९९९ रोजी पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचं इंग्रजी लघुरूप डब्ल्यूसीएजी. ती त्या काळच्या एचटीएमएलला चिकटून होती, चित्राला पर्यायी मजकूर द्या, चौकटींना नावं द्या, अशा धाटणीची.

पुढच्याच वर्षी सिडनीत ऑलिंपिक होतं. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली होती. त्यांच्या तीन मागण्या होत्या. चित्रांना मजकूर द्या, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या यादीपर्यंत जाता येऊ द्या आणि निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. पुन्हा तक्तेच! समितीनं सांगितलं, हे काम प्रचंड आहे, वर्षाहून अधिक वेळ लागेल. तज्ज्ञांनी सांगितलं, काही आठवड्यांचं काम आहे. आयोगानं मॅग्वायर यांची बाजू उचलून धरली, समितीनं तरीही काम पुरं केलं नाही आणि तिला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. त्या खटल्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अंदाजातला फरक. एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला आठवडे. ज्यानं मोजलंच नाही तो नेहमी वर्ष सांगतो. मूल्यमापन हे शास्त्र म्हणून उभं राहिलं ते या ‘किती’च्या उत्तरासाठी.

११ डिसेंबर २००८ रोजी तत्त्वांची दुसरी आवृत्ती आली आणि विचार पालटला. आता तंत्राऐवजी माणसाला काय करता आलं पाहिजे यापासून सुरुवात झाली. मजकूर जाणवला पाहिजे, चालवता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि आजच्या-उद्याच्या साधनांवर टिकला पाहिजे, हे ते चार खांब. त्यांखाली तपासता येतील असे निकष आणि ए, एए, एएए अशा तीन पायऱ्या. उदाहरणार्थ, साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा, ही एए पायरीची अट. २०१८ च्या सुधारणेत मोबाइलचा विचार आला. ५ ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत निकषांची संख्या ८६ झाली आणि बोटानं दाबायच्या जागा किमान किती मोठ्या असाव्यात याला एए पायरीवर माप मिळालं. त्या मास्तरांच्या थरथरत्या बोटाची दखल घ्यायला वेबला एवढी वर्षं लागली.

निकष एक असले तरी तपासायचे कसे, यावर घराणी वेगवेगळी आहेत.

पहिलं घराणं यंत्राचं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेनं ‘बॉबी’ नावाचं तपासणी साधन काढलं, तेव्हापासून हे घराणं चालू आहे. आज वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही साधनं फुकट मिळतात, पान दिलं की क्षणात चुकांची यादी हातात येते. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी जगातल्या १० लाख प्रमुख संकेतस्थळांची मुखपृष्ठं अशी तपासते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत तीन टक्के! आणि बहुतेक चुका त्याच त्या सहा प्रकारच्या. फिकट अक्षरं, चित्राला मजकूर नाही, अर्जातल्या चौकटीला नाव नाही, रिकामे दुवे, रिकामी बटणं, पानाची भाषा सांगितलेली नाही. यंत्राचा उपयोग इथं निर्विवाद आहे, हजारो पानं माणसानं चाळून होणार नाहीत. पण यंत्राला अर्थ कळत नाही. संत्र्यांच्या ढिगाच्या फोटोला कोणी ‘फोटो १’ असा मजकूर दिला, तर चित्रामागे मजकूर आहे एवढं पाहून यंत्र पुढं जातं.

दुसरं घराणं तज्ज्ञाचं. जाणता माणूस निवडक पानं घेतो, एकेक निकष हातानं लावतो, उंदीर बाजूला ठेवून फक्त कळफलकावर चालतो, पान चारपट मोठं करून पाहतो. कुठली पानं निवडायची, किती, अहवाल कसा लिहायचा याची शिस्त डब्ल्यूथ्रीसीनं २०१४ मध्ये घालून दिली. याच घराण्यात इटलीच्या जॉर्जो ब्रायनिक यांनी एक वेगळी वाट काढली. त्यांनी निकषांऐवजी अडथळ्यांची यादी केली. अमुक माणूस, अमुक साधन, अमुक काम, तर कुठं अडेल आणि किती अडेल. मला ही वाट जवळची वाटते, कारण तिच्यात माणूस आधी येतो.

तिसरं घराणं वापरणाऱ्यांचं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाही, त्याच्या हाती संकेतस्थळ द्या, एक खरं काम सांगा आणि गप्प बसून बघा. या घराण्याच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. ब्रिटनच्या अपंग हक्क आयोगानं २००४ मध्ये एक हजार संकेतस्थळं तपासली. ८१ टक्के किमान पातळीलाही उतरली नाहीत. पण त्याहून बोलकी बाब अशी की अपंग वापरकर्त्यांना आलेल्या अडचणींपैकी ४५ टक्के अडचणी तेव्हाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हत्या. पुढे २०१२ मध्ये ३२ अंध वापरकर्ते आणि १६ संकेतस्थळं घेऊन झालेल्या एका अभ्यासातही सुधारित निकषांत जेमतेम निम्म्या अडचणी बसल्या. म्हणजे सगळे निकष पाळूनही माणूस अडू शकतो.

मग निकष टाकून द्यायचे का? नाही. वापरकर्त्यांच्या चाचणीतही धोका आहे. एक अंध तरुणी काम पार पाडते तेव्हा तिच्या चिकाटीचं श्रेय संकेतस्थळाला जातं. एका अंधाचा अनुभव सगळ्या अंधांचा मानला जातो, बहिऱ्यांचा तर विचारच होत नाही. शिवाय चाचणीला येणाऱ्यांना चहा पाजून निरोप देण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ते तज्ज्ञाचं काम करतात, त्यांना तज्ज्ञाचा मोबदला मिळाला पाहिजे, यावर या पुस्तकाच्या सर्व लेखकांचं एकमत आहे.

चौथं एक घराणं अलीकडे निघालं आहे, त्याला घराणं म्हणायला मी तयार नाही. संकेतस्थळावर एक ओळ चिकटवा, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येईल आणि सगळं आपोआप सुगम्य होईल, असं सांगून हा माल विकला जातो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असा दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीवर १० लाख डॉलरची कारवाई केली. माझ्या काकांच्या तक्त्याची शीर्षकं ज्यानं बांधणीतच ठेवली नाहीत, त्याच्या पानावर वरून काय चिकटवणार?

आता आपल्याकडे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रस्ते आणि इमारती होत्या, वेब नव्हतं. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली, त्याच्या ९ व्या कलमात इंटरनेट आलं. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिची तिसरी आवृत्ती २०२३ ची. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यानं खाजगी सेवादात्यांनाही कक्षेत घेतलं. आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आलं. कागद पुष्कळ झाले. अडचण अशी की त्यांतलं सक्तीचं काय आणि सल्ल्याचं काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

ही गाठ ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सोडवली. सुगम्यतेच्या अटींना नुसत्या शिफारशींचं रूप देणारा नियम कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरवून न्यायालयानं केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. बँकेची केवायसी करताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा म्हणतात, ॲसिडनं ज्यांच्या पापण्या गेल्या त्यांनी काय करायचं, असा त्यातला प्रश्न होता. न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. २८ जून २०२५ पासून युरोपचा सुगम्यता कायदाही लागू झाला, त्यामुळे नागपूरच्या मिहान उद्योग परिसरात बसून युरोपातल्या ग्राहकांची कामं करणाऱ्या आमच्या मुलांनाही हा विषय टाळता येणार नाही. तपासणाऱ्यांची गरज आता अचानक वाढली आहे. तपासणी मराठीत शिकवणारं पुस्तक मात्र आम्हाला हाताशी मिळालं नाही.

आणि मराठीची तपासणी इंग्रजीची पुस्तकं वाचून होत नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान डोळ्यांना ‘शेतकरी’ दाखवतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोळा असतो आणि स्क्रीन रीडर तो गोळाच वाचतो. परिपत्रकावर सही-शिक्का मारून, ते स्कॅन करून पीडीएफ चढवली की अंध माणसासाठी ते कोरं पान असतं. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं नसेल, तर फोन कधीकधी इंग्रजी आवाजात देवनागरी वाचू पाहतो किंवा तिला ओलांडून पुढं जातो. ‘७/१२’ ला सातबारा म्हणायचं, हे काही आवाजांना माहीत नसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरवलं तर अक्षर मोठं करताच वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात, आणि ‘कुल’ व ‘कूल’ मधला फरक अल्पदृष्टी वाचकासाठी पुसला जातो. अर्ज मराठीत, पण शेवटी माणूस असल्याची खात्री पटवायला वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखायची. इथं आंधळाही अडतो आणि इंग्रजी न शिकलेला डोळसही.

भाषेचंही बघा. जन्मतः कर्णबधिर माणसाची पहिली भाषा अनेकदा खुणांची असते, मराठी त्याला दुसऱ्या भाषेसारखी शिकावी लागते. त्याच्यापुढे व्हिडिओखालच्या कॅप्शनमध्ये ‘उपरोक्त विषयान्वये विहित नमुन्यात’ ठेवलं तर ती कॅप्शन असून नसल्यासारखीच. समजलं पाहिजे हा चार खांबांपैकी एक आहे आणि मराठी संकेतस्थळांवर तोच सर्वांत कच्चा आहे, असं माझं मत झालं आहे. यंत्राला हे सापडत नाही. निकषांतही सोप्या भाषेला सर्वांत वरची, म्हणजे बहुतेक कोणी न गाठणारी पायरी दिलेली आहे.

या पुस्तकात काय केलं आहे ते आता थोडक्यात. लिहिणाऱ्यांत संकेतस्थळं बांधणारे आहेत, शिक्षक आहेत आणि रोज स्क्रीन रीडरवर जगणारे आहेत. प्रत्येकानं निकषापासून सुरुवात न करता एका कामापासून केली आहे. भाव बघणं, उतारा काढणं, परीक्षेचा अर्ज भरणं, वीजबिल भरणं. ते काम करताना कोण कुठं अडलं हे आधी, तो अडथळा कुठल्या निकषात बसतो हे नंतर, आणि कुठल्याच निकषात बसत नसेल तर तसंही मोकळेपणानं. संकेतस्थळांना शंभरपैकी गुण द्यायचे नाहीत, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. ९२ गुण मिळवलेल्या संकेतस्थळावर ‘अर्ज सादर करा’ हे एकच बटण कळफलकानं दाबता येत नसेल, तर त्या ९२ चा अर्ज भरणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

वाचकाला कोड यायलाच हवं असं नाही. ग्रामपंचायतीचा डेटा ऑपरेटर, महाविद्यालयाचं पान सांभाळणारा लिपिक, संस्थेचा विश्वस्त, यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. वाचायला घेण्याआधी एकदा आपल्या संस्थेचं पान उघडावं, उंदराला हात न लावता फक्त टॅबची कळ दाबत शेवटपर्यंत जायचा प्रयत्न करावा. आपण आत्ता पानावर कुठं आहोत हे कुठल्या क्षणी कळेनासं झालं, तेवढं लिहून ठेवावं. त्या नोंदीपासून मूल्यमापन सुरू झालेलं असतं.

त्या सकाळनंतर मी घरी बसून तो तक्ता पुन्हा बांधला. रकान्यांना शीर्षकांच्या खुणा दिल्या, तक्त्याला नाव दिलं, पानाची भाषा मराठी लावली. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी काकांच्या हाती फोन दिला. मला वाटलं होतं ते पहिल्यांदा सर्वसाधारण दराकडे जातील, कारण मी तोच रकाना महत्त्वाचा धरून चाललो होतो. काकांनी बोट फिरवलं, शीर्षकं ऐकली आणि ते आवकेवर थांबले. ‘‘आवक आधी पाहायची असते,’’ ते म्हणाले. ‘‘गाड्या किती लागल्या ते समजलं म्हणजे भाव कुठं जाईल ते सांगता येते.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘कालची आवक कुठं आहे?’’

ती त्या पानावर नव्हती. माझ्या तपासणीच्या यादीतही नव्हती.